मशीन चावतं

हेमांगी लग्न होऊन मोरव्यात आली तेव्हा तिला सासूचं अर्धं बोलणं कळत नसे. माहेर काही फार लांबचं नव्हतं. भाईंदर पूर्वेला, नवघर रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. वडील रत्नागिरीकडचे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला. घरात मराठी, जिन्यात हिंदी, वाण्याकडे थोडीफार गुजराती, असं तिचं बालपण गेलेलं. स्टेशनच्या पलीकडे पश्चिमेला मोरवा हे जुनं गाव आहे हे तिला ऐकून माहीत होतं. पण टॉवरांच्या मधोमध अजून अंगण असलेली घरं आहेत, मागच्या परसात अळू लावतात आणि म्हाताऱ्या बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून फिरतात, हे तिने सुयोगशी लग्न ठरल्यावरच पाहिलं.

सासूचं नाव पार्वती. बुटकी, काळीसावळी, साठी ओलांडलेली, पण कंबरेत न वाकलेली बाई. आवाज असा की चार घरं पलीकडे ऐकू जावा. नव्या सुनेला पहिले कित्येक दिवस वाटायचं, या सारख्या चिडलेल्या का असतात? सुयोग हसून सांगायचा की आई चिडलेली नाही, तिचा आवाजच तेवढा आहे. मिठागरावर वाढलेली बाई. वारा अंगावर घेत एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची, तर आवाज चढवावाच लागतो.

पार्वतीचं लहानपण आणि पुढे संसारही मिठातच गेला होता. पावसाळ्यात भातशेती, पाऊस सरला की मिठागर. तिचा नवरा, ज्याला सगळं गाव दाजी म्हणत असे, फळी घेऊन मीठ ओढायचा आणि पार्वती टोपल्या वाहायची. वहाणा मिठात टिकत नाहीत, म्हणून सगळे अनवाणी. उन्हातान्हात, खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपाय असे होऊन जात की काटा मोडला तरी कळू नये. पुढे मिठागरं बंद पडली, शेतं बिल्डरांच्या कागदावर गेली. दाजी गेले तेव्हा सुयोग कॉलेजात होता. बाईने रडून घेतलं आणि दुसऱ्या महिन्यापासून उन्हाळी मसाले कांडून द्यायला सुरुवात केली. सुयोगला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून दिलं ते त्याच मसाल्यांवर. राहतं घर मात्र तिने कुणा बिल्डरला मोजू दिलं नाही. कौलं काढून पत्रे घातले, पुढच्या खोलीला फरशी आली, पण घर तेच राहिलं आणि घरातली वायरिंगही तीच राहिली. दाजींच्या काळात लाकडी पट्ट्यांवरून ओढलेली, दोन भोकांच्या पॉइंटांची.

समिधा जन्मली तेव्हा हेमांगीचं सिझेरियन झालं होतं. टाके सुकेपर्यंत वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. बाळाचे लंगोट, दुपटी, हेमांगीचे कपडे, सगळं पार्वती मागच्या दगडावर आपटून धुवायची. हेमांगीला संकोच व्हायचा. आपले कपडे सासूने धुवावेत हे तिला आतून खात होतं आणि ते सासूला कसं सांगावं हे कळत नव्हतं. शेवटी तिने सुयोगच्या मागे लागून वॉशिंग मशीन आणवलं.

मशीन आलं त्या दिवशी पार्वतीने त्याला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. "आता बायच्या कंबरेला आराम," असं ती सुनेबद्दल शेजारच्या आशाला म्हणाली. आशा म्हणजे तिची पन्नास वर्षांची सोबतीण, मिठागरापासूनची. परसाला परस लागून होतं आणि मधे नुसतं मेंदीचं कुंपण. हेमांगीच्या कानावर हे वाक्य पडलं होतं, पण त्यावेळी तिने ते मनावर घेतलं नाही. ते तिला आठवलं पुष्कळ नंतर.

मशीन ठेवायला घरात जागा नव्हती. मागच्या पडवीत, पत्र्याखाली, नळ आणि मोरीच्या जवळ ते बसवलं. पडवीत पॉइंट नव्हता. स्वयंपाकघरात होता तो जुना. मग सुयोगने एक लांब बोर्ड आणला, त्याच्या टोकाची जाड तीन पायांची पिन काढून दोन पायांची लावली आणि वायर खिडकीच्या गजातून बाहेर काढली. कंपनीचा माणूस मशीन चालू करून द्यायला आला तेव्हा त्याने टेस्टर लावून पाहिला आणि मान हलवली. "अर्थिंग नहीं है साहब. बाद में लगवा लेना, ऐसे मत चलाओ जास्ती दिन." सुयोगने हो म्हटलं. त्याचा चुलतभाऊ निकेत गावातलाच वायरमन, त्याला सांगू म्हणाला. निकेतकडे तेव्हा लग्नसराईची कामं होती, मग गणपतीची आली आणि मग ती गोष्ट मागेच पडली.

मशीनची काळजी मात्र सुयोगने खूप घेतली. गावात व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझर आणला. पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून जाड कव्हर शिवून घेतलं. खालून ओल लागू नये म्हणून चाकांचा लोखंडी स्टँड आणला. पत्र्याला एक पन्हळ लावली. दुकानात दिवसभर मोबाईल उघडून बसणारा माणूस तो, यंत्राला काय बाधतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काही महिने मशीन नीट चाललं. मग एके सकाळी पार्वती ओल्या हाताने कपडे काढायला गेली आणि हात झटकत आत आली.

"मशीन चावतं गो," ती हेमांगीला म्हणाली.

हेमांगीला आधी शब्दच नीट लागला नाही. वाटलं, मशीनमध्ये काही किडा वगैरे आहे. ती मागे गेली, झाकणावर हात ठेवला, कडेवरून फिरवला. काहीच झालं नाही. तिच्या पायात रबरी स्लीपर होत्या. परसात अनवाणी जायची तिला सवयच नव्हती, पाय चिखलाने भरतात म्हणून ती दाराशीच स्लीपर सरकवायची. पार्वतीचे पाय मात्र ओल्या जमिनीवर उघडे.

संध्याकाळी सुयोगने टेस्टर आणला. मशीनच्या पत्र्याला टेकवला तर आत लालसर उजेड दिसला, अगदी मंद. त्याने बोर्डाची पिन काढली, उलटी करून परत खोचली. टेस्टर विझला. "झालं बघ आई," तो म्हणाला. "आता नाय चावणार." पार्वतीने बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. मुलाला सगळं समजतं याचा तिला केवढा अभिमान होता.

पण तो एकच पॉइंट. त्यावर मिक्सर चालायचा, कधी इस्त्री. पिन निघायची, परत लागायची, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने. त्यामुळे मशीन कधी चावायचं, कधी नाही. पार्वती सांगायची, सुयोग येईपर्यंत पिन फिरलेली असायची, मग टेस्टर विझलेला. दोनतीनदा असं झाल्यावर तो म्हणाला की पावसाळी हवेत थोडंफार लागतंच, चप्पल घालून जात जा. पार्वतीने बाजारातून प्लास्टिकच्या सपाता आणल्या, पण आयुष्यभर उघड्या राहिलेल्या पायांत त्या टिकेनात. कुठे काढून ठेवल्या हेच ती विसरायची.

मग तिने आपला उपाय काढला. कपडे बडवायच्या जुन्या धोपटण्याने ती कपडे ड्रममधून उचकटून काढायची आणि बादलीत टाकायची. हेमांगी मागच्या दारात आली की तिथूनच ओरडायची.

"तू नको येऊ मागं. कपरे मी कारते."

कपडे मी काढते. शब्द एवढेच, पण त्या चढ्या आवाजात. आणि कुंपणापलीकडे आशा उभी असायची, सगळं बघत. हेमांगीला स्वतःला कधी काही लागलं नव्हतं, म्हणून तिला वाटलं, ही बाई गावाला दाखवतेय. सुनेने आणलेलं मशीन शिवायचंही नाही, काठीने ढोसायचं. सुनेचे हात चालत नाहीत, मीच करते, असं. तिच्या मनात एकदा हे बसलं आणि मग प्रत्येक गोष्ट त्यातच बसत गेली. पार्वती मशीनकडे जाताना चेहरा आक्रसायची, हेमांगीला तो राग वाटायचा. पार्वती समिधाला मशीनजवळ फिरकू द्यायची नाही, हेमांगीला वाटायचं, पोरीला पण माझ्या वस्तूपासून तोडतेय. फोनवर ती आईला सांगायची की ह्यांना माझं मशीन आवडत नाही, चावतं म्हणे. आई म्हणायची, जुनी माणसं असतात तशी, तू लक्ष देऊ नकोस.

एक दिवस ते तोंडावर आलं. हेमांगीची एक चांगली ओढणी धोपटण्यात अडकून फाटली. तिने ती हातात धरून सासूला विचारलं, तेही आशासमोर.

"आई, तुम्हाला मशीन नको असेल तर सरळ सांगा ना. विकून टाकू. हे चावतं, चावतं कशाला रोज?"

पार्वतीने तिच्याकडे पाहिलं. एरवी शब्दाला शब्द देणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही. हळू आवाजात, तिच्या मानाने फारच हळू, म्हणाली, "न्हाय गो. ऱ्हाऊ दे."

त्यानंतर मशीन चावतं हे तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. सुयोगलाही नाही. कपडे मात्र तीच काढत राहिली. धोपटणं सोडून दिलं आणि कोरड्या फडक्याने हात पुसून काढू लागली. हेमांगीला वाटलं, चला, बोललेलं बरं झालं.

समिधाचा तिसरा वाढदिवस अंगणात केला. हेमांगीच्या माहेरची माणसं आली, गावातली पोरं आली. सुयोगने पत्र्याच्या कडेने दिव्यांच्या माळा सोडल्या. त्यासाठी बोर्ड पुढे हवा होता, म्हणून हेमांगीने स्वयंपाकघरातली पिन उपसून तो अंगणात नेला. पार्वतीने शेजारणींना घेऊन चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि माहेरच्या पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. हेमांगीची आई जाताना म्हणाली, तुझी सासू चांगली आहे गं, तू उगाच काहीबाही सांगतेस. हेमांगी हसली होती. त्या दिवशी तिलाही सासू चांगली वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलक्लॉथ, पडदे, पोरांचे बरबटलेले कपडे असा ढीग होता. सुयोग दुकानात गेला. पार्वती देवळात निघाली होती. दारातून वळून तिने सांगितलं की मी येते तोवर मशीन लावू नको. हेमांगीने हूं म्हटलं. पण काम पडलेलं तिला बघवत नसे. तिने बोर्ड जागेवर आणला, पिन खोचली आणि मशीन सुरू केलं. पिन कुठल्या बाजूने खोचली हे तिने पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही असतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मशीन थांबल्याची शिटी वाजली तेव्हा हेमांगी पुढच्या खोलीत समिधाला भरवत होती. पार्वती देवळातून मागच्या वाटेने आली. सपाता काढून पाय मोरीवर धुतले आणि अनवाणीच मशीनकडे वळली. झाकण उघडून तिने ओल्या कपड्यांत हात घातला.

हाक आशाने मारली. हेमांगी धावत गेली तेव्हा सासू मशीनवर ओणवी झालेली दिसली, उजव्या हाताची बोटं कडेला घट्ट मिटलेली. क्षणभर वाटलं, चक्कर आली असेल. तिने खांद्याला धरून ओढायला हात पुढे केला आणि तो हात कोणीतरी दातांत धरून झिंजाडल्यासारखा मागे फेकला गेला. खांद्यापर्यंत कळ गेली. चावणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं.

कुंपणापलीकडून आशा ओरडत होती की हात लावू नको, बटन काढ, बटन काढ. हेमांगीने आत जाऊन पिन उपटली. पार्वती घसरून खाली बसली आणि मग आडवी झाली. आशा कुंपणातून धावत आली आणि दोघींनी मिळून तिचे तळवे चोळले. आशाच्या दिराने रिक्षा आणली. रिक्षात सासूचं डोकं हेमांगीच्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली, पुष्कळ वेळ पाहिली. मग त्यांनी दुकानातून धावत आलेल्या सुयोगला बाजूला बोलावलं.

गावात आधी हार्ट अटॅकच म्हणत होते. वय झालं होतं, आदल्या दिवशी दगदग झाली, असं. सुयोगच्या एका काकांनी तर सुचवलं की तसंच राहू द्या, कशाला घराला बोल. पण पोलिसांचा पंचनामा झाला, डॉक्टरांचा रिपोर्ट आला आणि त्यात विजेचा धक्का हेच लिहिलेलं होतं. हेमांगीला त्याआधीच माहीत होतं. तिचा हात दोन दिवस बधिर होता.

दिवसकार्य झाल्यावर निकेत आला. त्याने मशीन आडवं केलं, मागचा पत्रा खोलला. आत येणाऱ्या दोन वायरींपैकी एकीचं वरचं प्लास्टिक उंदराने कुरतडलेलं होतं. आधी थोडं असेल, पुढे वाढत गेलं असेल. आता उघडी तांब्याची तार सरळ पत्र्याला टेकत होती. सुयोग आणि हेमांगी दोघं उभे होते. निकेत हलक्या आवाजात सांगत गेला. पिन एका बाजूने लावली की ही तार थंड, करंटाशिवाय राहायची, उलटी लावली की हिच्यातून करंट यायचा आणि मशीनच्या सगळ्या पत्र्यात उतरायचा. म्हणून कधी लागायचं, कधी नाही. पिनला तिसरा पाय असता आणि तो जमिनीला जोडलेला असता, तर तार पत्र्याला टेकल्याबरोबर करंट त्या वाटेने जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता. शिवाय आता असे स्विच मिळतात की करंट जरा कुठे गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं घर बंद करतात. ते असतं तर काकीला झिणझिण्यांपलीकडे काही झालं नसतं.

"मला एकदा बोलवायचं ना रे," निकेत म्हणाला. मग आपणच मान खाली घातली. कारण सुयोगने दोनदा बोलावलं होतं आणि त्यानेच येतो, येतो म्हणून ढकललं होतं.

सुयोग मशीनभोवतीच्या त्या कव्हराकडे, स्टँडकडे, स्टॅबिलायझरकडे बघत होता. "मशीनला काही होऊ नये म्हणून सगळं केलं मी," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसून रडला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला.

निकेतने पुढच्या आठवड्यात सगळं घर नवं करून दिलं. परसात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ घालून पाणी ओतलं. प्रत्येक पॉइंट तीन भोकांचा केला. मीटरखाली तो गळती ओळखणारा स्विच बसवला आणि त्यावरचं बारीक बटन दाबून दाखवलं. बटन दाबलं की घर अंधारलं पाहिजे, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, नाही अंधारलं तर मला फोन करायचा. हेमांगीने ते सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकताना तिला वाटत होतं, हे एवढंच होतं. दोन दिवसांचं काम.

आशा बरेच दिवस त्यांच्याकडे आली नाही. आली ती एका दुपारी, वालाच्या शेंगा घेऊन. परसात दोघी शेंगा सोलत बसल्या. आशाने आपणहून विषय काढला नसता, पण हेमांगीनेच विचारलं, की आई तुमच्याजवळ माझ्याबद्दल काय बोलायच्या? वाईट बोलायच्या का?

आशा शेंगा सोलता सोलताच सांगू लागली.  पार्वती सांगायची की सून माझी गुणाची, पण फ्लॅटात वाढलेली, तिचे पाय मऊ. आपले पाय मिठाने कातडं धरलेले, आपल्याला नुसतं चावतं. तिला लागलं तर ती पोर मरंल. तिला सांगून पटत न्हाय, मग मी तिला मशीनपाशी जाऊच देत न्हाय. आशाने तिला विचारलं होतं, मग सुयोगला परत सांग ना. तर म्हणाली होती, मी परत बोलले तर बायला वाटंल मना तिचं मशीन खुपतं. ती विकून टाकंल आणि परत दगडावर धुवंल. तिच्या पोटाला टाके हायेत.

हेमांगीच्या हातातली शेंग तशीच राहिली. टाके केव्हाच भरले होते. तीन वर्षं होऊन गेली होती.

"तिनं तुज्यावर राग न्हाय धरला," आशा म्हणाली.

ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण सासूने राग धरला असता, दोन शब्द आणखी सुनावले असते, आदळआपट केली असती, तर ती आज इथे असती, असं हेमांगीला वाटलं. ओढणीच्या दिवशीचं ते हळू आवाजातलं ऱ्हाऊ दे तिच्या कानात फिरत राहिलं. ज्या बाईचा चढा आवाज आपल्याला खुपत होता तिला आपणच गप्प केलं, आणि गप्प केलं म्हणून समाधानही मानलं.

घरात त्यानंतर एक विचित्र शांतता आली. सुयोग आणि हेमांगी भांडले नाहीत. दोघंही एकमेकांशी फार सांभाळून वागू लागले. तो म्हणायचा नाही की पिन कोणी लावली. ती म्हणायची नाही की टेस्टर विझला म्हणून कोण निवांत झालं. जेवायला बसले की मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं. असे कित्येक महिने गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर भांडी आवरताना हेमांगीला ते सहन होईना. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. माळांसाठी पिन तिने काढली होती, सकाळी तिनेच लावली, आई मशीन लावू नको म्हणून सांगून गेल्या होत्या तरी लावली.

"माहितीये मला," सुयोग म्हणाला. "माळा मीच सोडल्या ना. बोर्ड कुठून आला हे मला माहीत नसेल?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू एक दिवस चुकलीस. मी दोन वर्षं रोज त्या पिनकडे बघत होतो."

 मग त्याने पातेलं उचललं आणि विसळायला घेतलं. त्या दिवसापासून घरात पुन्हा थोडं बोलणं सुरू झालं, पण हसणं यायला आणखी वेळ लागला. काही गोष्टींवर ते अजूनही येत नाही.

ते मशीन त्यांनी दुरुस्त केलं नाही, कुणाला दिलंही नाही. सुयोगने त्याची वायर कापली आणि ते भंगारात घातलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या परसात जाऊन उभं राहायला नको. नवं घ्यायला हेमांगीचं मन होईना. वर्षभर ती दगडावरच कपडे धुवत राहिली. हात भरून यायचे, कंबर धरायची. आशा कुंपणापलीकडून बघायची आणि म्हणायची की हे पार्वतीला आवडलं नसतं. ते खरंच होतं. मग एक साधं मशीन आलं, तीन पायांच्या पिनचं, भिंतीवरच्या पक्क्या पॉइंटवर. हेमांगी आजही कपडे काढण्याआधी ते बटनावरून बंद करते, पिन उपसून बाजूला ठेवते आणि मगच झाकण उघडते.

गावातल्या बायकांना ती सांगते. कुणाच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, कुणाची परसातली मोटर ओल्या फरशीवर चालते, कुणाच्या गीझरचा नळ चावतो, हे तिला आता पटकन ऐकू येतं. काहींनी निकेतला बोलावलं. काही हो म्हणतात आणि विसरतात. एकीने तर सांगितलं की आमच्याकडे कायमचंच आहे ते, आम्हाला सवय झाली. हेमांगी तिच्याकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्या बाईच्या नवऱ्याने दार अर्धंच उघडलं आणि ती परत आली.

समिधा आता पहिलीत आहे. आजीचा चढा आवाज तिला आठवत नाही, चेहरा फोटोवरूनच ठाऊक. शाळेत कुणी तरी आजीबद्दल लिहून आणायला सांगितलं होतं, म्हणून तिने विचारलं, आजी कशाने गेली? आजवर घरात तिला आजारी होती असंच सांगितलेलं. सुयोग दुकानात होता. हेमांगीने जरा विचार केला आणि खरं सांगायचं ठरवलं. मशीनमधून करंट लागला, ती म्हणाली. मशीन बिघडलं होतं.

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"आजीला माहीत होतं. तिने आम्हाला सांगितलं होतं."

"मग तुम्ही ऐकलं का नाही?"

हेमांगीने तिला जवळ घेतलं. पोर उत्तराची वाट बघत तिच्या तोंडाकडे पाहत होती. सांगायला पुष्कळ होतं, भाषेचं, ओढणीचं, टेस्टरचं, आणि त्यातलं काहीच या प्रश्नाला पुरत नव्हतं.

"ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.